गांजा आणि लोकमत : दीडशे वर्षांचा हिशेब

महाशिवरात्रीला आमच्या बेलवली-बदलापूरकडची माणसे अंबरनाथच्या जत्रेला जातात. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते शिलाहारकालीन शिवमंदिर तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या दिवशी दर्शनाची रांग मोठी असते, ऊन चढत जाते आणि रांगेतल्या माणसांना वेळ घालवायला काहीतरी विषय हवा असतो. शंकराच्या दारात उभे राहून भांगेचा आणि गांज्याचा विषय निघाला नाही तरच नवल! आणि एकदा तो निघाला, की तीन मते हटकून ऐकू येतात.

समजा, एकाच घरातली तीन माणसे रांगेत आहेत. आजोबा म्हणतात, "अरे, तो महादेवाचा प्रसाद. बैरागी ओढतात, आपण हात जोडून पुढं व्हायचं." त्यांचा मुलगा शाळेत गुरुजी आहे. तो म्हणतो, "प्रसाद कसला, आबा? व्यसन आहे ते, आणि गुन्हासुद्धा. जवळ सापडला तर थेट तुरुंग." आणि कॉलेजात जाणारा नातू मोबाईलवरची बातमी पुढे करतो, "बाबा, कॅनडात दुकानात मिळतो. जर्मनीनंही परवानगी दिली. आपणच मागं राहिलोय."

प्रसाद, गुन्हा आणि माल. वस्तू एक, मते तीन. आता यांतले बरोबर कोण, असे तुम्ही मला विचाराल. मी वैद्य नाही आणि वकीलही नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस आहे. मला इतकेच सांगता येईल, की ही तिन्ही मते आकाशातून पडलेली नाहीत. प्रत्येकाला जन्मतारीख आहे आणि प्रत्येकामागे कुणाचा तरी हिशेब आहे. तो हिशेब एकदा पाहून घेतला, म्हणजे रांगेतला वाद थोडा शहाणपणाने करता येईल.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ, कारण पुष्कळसा घोटाळा नावांतच आहे. भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे नव्हेत. झाड एकच. त्याची पाने वाटून, घोटून जी पितात ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे वाळवून चिलमीत घालून ओढतात तो गांजा. आणि झाडावरचा चिकट राळेसारखा पदार्थ गोळा करतात तो चरस. गांज्याच्या शेतीत नराची झाडे वेळेवर उपटून टाकावी लागतात, नाहीतर मादीच्या फुलोऱ्यात बी धरते आणि माल हलका होतो. भांग सौम्य, गांजा कडक, चरस त्याहून कडक, अशी साधारण चढण आहे. ही चढण लक्षात ठेवा. पुढे कायद्याने पानाला एक न्याय आणि फुलाला दुसरा न्याय लावला, त्याचे मूळ इथेच आहे.

आता आजोबांचे मत घेऊ. हे सर्वांत जुने. अथर्ववेदात भंगा या वनस्पतीचा उल्लेख आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि शार्ङ्गधराच्या ग्रंथात तिचे गुण सांगितलेले आहेत. पण म्हणून आपल्या पूर्वजांनी गांज्याला सरसकट मान दिला होता असे समजू नका. आपल्या भाषेलाच विचारा. एखाद्या वाईट घरात गुणी मूल निपजले तर आपण काय म्हणतो? "भांगेत तुळस." म्हणजे तुळशीची जागा अंगणात, वृंदावनात, आणि भांगेची कुठेतरी उकिरड्याच्या कडेला! शंकराला भंगड म्हटले तर ते लाडाचे बोलणे होते, पण शेजाऱ्याला गांजेकस म्हटले तर मारामारी होते. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की त्याने नशापाणी सोडायचे, ही आपल्याकडची रीत जुनीच आहे.

तेव्हा जुने लोकमत म्हणजे मोकळीकही नव्हती आणि बंदीही नव्हती. प्रश्न असा होता, की कोणाला शोभते? गोसाव्या-बैराग्याला चालते, कारण त्याला घर नाही, शेत नाही, लेकरे नाहीत. पहिलवान उन्हाळ्यात थंडाईत घालून घेईल, होळीला चार घरांत घोटली जाईल. पण संसारी माणूस रोज चिलीम ओढू लागला, की गाव त्याच्याकडे पाठ फिरवी. शिक्षा होती ती सोयरीक न जुळण्याची. फौजदार त्यात कुठेच नव्हता.

फौजदार आला तो अबकारी खात्याबरोबर. इंग्रजी राज्यात अफू, दारू, ताडी, गांजा ही सगळी उत्पन्नाची खाती झाली. आपल्या मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारीचा कायदा झाला. त्याने गांजा पिकवायला परवाना, साठवायला परवाना आणि विकायला परवाना अशी रचना केली. विक्रीचा हक्क मक्त्याने जाई. आमच्या ठाणे जिल्ह्याला आणि शेजारच्या कुलाब्याला या कायद्याचा चटका बसला तो ताडीच्या बाबतीत. माडाच्या आणि ताडाच्या झाडावर कर वाढला आणि ताडी काढून पोट भरणारे लोक हवालदिल झाले. गांज्याची शेती इकडे नव्हती, ती घाटावर. इलाख्यात अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचे अहिल्यानगर, त्या पिकासाठी माहीत होता. आज हे ऐकून कानांवर विश्वास बसणार नाही, पण त्या काळी सरकारी परवाना घेऊन, सरकारी देखरेखीखाली तिथला शेतकरी गांजा पिकवत होता.

म्हणजे सरकारच्या दृष्टीने गांजा हा प्रसादही नव्हता आणि पापही नव्हता. ते जमेच्या बाजूचे एक कलम होते. आणि जमेचे कलम म्हटले, की कोणीतरी उठून विचारणारच, की बाबांनो, हा पैसा येतो कुठून?

तसे विचारणारे निघाले ते खुद्द विलायतेत. तिकडे त्या वेळी दारू आणि अफूच्या विरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळींचा जोर होता. २ मार्च १८९३ रोजी इंग्लंडच्या कॉमन्स सभेत प्रश्न आला, की बंगालात गांजा पिकवतात, विकतात, त्याचे तिथल्या लोकांच्या शरीरावर आणि नीतीवर काय परिणाम होतात? सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि चौकशी फक्त बंगालपुरती न ठेवता सगळ्या हिंदुस्थानची केली. यालाच हेम्प ड्रग्ज कमिशन म्हणतात. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग. सभासदांत आपल्या मुंबई इलाख्यातले कलेक्टर ओमॅनी होते, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते आणि तिघे हिंदी गृहस्थ होते : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद.

या मंडळाने काय केले ते नीट ऐका. त्याने सत्तर प्रश्नांची यादी तयार करून गावोगावच्या जाणत्या माणसांकडे पाठवली. तुमच्याकडे भांग कोण घेते, गांजा कोण ओढते? केवढा? कोणत्या सणाला? घेणारा एकटा घेतो की चार जणांत? त्याने तो आळशी होतो का, भांडखोर होतो का? बंदी केली तर लोक काय करतील, गप्प बसतील की दुसरी नशा शोधतील? मंडळ तीस शहरांतून फिरले आणि एकूण १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले. त्यांत डॉक्टर होते, वैद्य होते, मामलेदार होते, शेतकरी होते, पाद्री होते, परवानेदार दुकानदार होते. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता, तो १९३६ साली वेगळा झाला. तेव्हा इलाख्याच्या साक्षींत सिंधच्याही साक्षी आल्या आणि तिकडे भांग घोटून पिण्याची चाल केवढी रूढ होती ते त्यांतून दिसले. फाळणीनंतर त्याच सिंधमधून उखडलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिली आणि त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. म्हणजे त्या जाडजूड अहवालातल्या सिंधच्या पानांवर आजच्या आपल्या शेजाऱ्यांचे पणजोबा-खापरपणजोबा बसलेले आहेत म्हणा ना!

या चौकशीतला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. तो आहे वेड्यांच्या इस्पितळांचा. त्या काळी सुशिक्षितांत एक समजूत पक्की होती, की गांज्याने माणूस वेडा होतो. पुरावा? सरकारी वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते. त्यांत दरवर्षी गांज्याच्या नावावर मोठा आकडा दिसे. मंडळाने ठरवले, की हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. १८९२ साली इस्पितळांत दाखल झालेले जे २२२ रोगी गांज्या-भांगेमुळे वेडे झाले असे लिहिले होते, त्या एकेकाची चौकशी पुन्हा त्याच्या गावापर्यंत जाऊन केली.

काय निघाले? रोग्याबरोबर एक छापील कागद येत असे. त्यात नाव, गाव, वय असे रकाने असत, आणि एक रकाना असे वेडाच्या कारणाचा. तो रकाना पुष्कळदा भरी पोलीस. रस्त्यावर सापडलेला माणूस, अंगावर चिंध्या, नातेवाईक कोणी नाहीत. कारण काय लिहायचे? कारण तर लिहिलेच पाहिजे, रकाना रिकामा ठेवून चालत नाही. मग गांजा. एकदा पोलिसाने लिहिले, की इस्पितळातला कारकून ते आपल्या वहीत उतरवून घेई, वहीतून ते वार्षिक तक्त्यात जाई, आणि तक्ता वाचून मोठमोठे डॉक्टर आणि अधिकारी म्हणत, पाहा, गांज्याने किती माणसे वेडी होतात! चौकशीअंती त्या २२२ पैकी ज्यांच्या वेडाचा गांज्या-भांगेशी संबंध धरता येईल असे रोगी उरले ९८. त्यांतही काहींच्या बाबतीत दुसरी कारणे मिसळलेली होती.

गांजा निर्दोष ठरला असा याचा अर्थ नव्हे. अठ्ठ्याण्णव हा आकडा काही शून्य नाही, ती अठ्ठ्याण्णव घरे होती. पण निम्म्याहून अधिक आकडा नुसत्या रकान्याने तयार केला होता, हे त्यातून सिद्ध झाले. लोकमत कधीकधी असे एखाद्या रकान्यात जन्माला येते.

१८९४ साली मंडळाने अहवाल दिला. सारांश असा, की बेताने घेणाऱ्यावर या पदार्थांचा म्हणण्यासारखा वाईट परिणाम दिसत नाही, अतिरेकाने मात्र शरीराला आणि मनाला अपाय होतो, ज्याचे मन आधीच कमकुवत आहे त्याला अधिक होतो, आणि बेताने घेणारे पुष्कळ, अतिरेक करणारे थोडे. म्हणून सरसकट बंदीची गरज नाही आणि ती सोयीचीही नाही. बंदी केली तर लोक नाराज होतील, साधुसंत दुखावतील आणि कदाचित याहून घातक नशेकडे वळतील. त्यापेक्षा कर चढता ठेवा, शेती थोड्या जागेत आणा, दुकाने कमी करा, एका माणसाने किती जवळ बाळगावे याला मर्यादा घाला.

आता गंमत पाहा. या निकालाला विरोध केला तो दोघा हिंदी सभासदांनी. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी आपली भिन्न मते नोंदवली. साहेब म्हणतो चालू द्या, आणि आपली माणसे म्हणतात बंद करा! हे उलटे वाटते, पण पुढच्या पन्नास वर्षांची चाहूल त्यातच होती. साहेबाला प्रजेचा असंतोष नको होता आणि अबकारीचे उत्पन्नही हवे होते. आपल्या माणसांसमोर होती ती शेजारच्या घरातली बाई, जिचा नवरा मजुरीचे पैसे दुकानात ठेवून येतो.

इथून गुरुजींचे मत सुरू होते. महाराष्ट्रात ते दारूच्या निमित्ताने वाढले. १८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर पहारे बसले. गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन कीर्तनातून खेडुतांना व्यसनांच्या पायी होणारी धूळधाण समजावली. गांधीजींनी तर दारूबंदी ही स्वराज्याच्या कार्यक्रमात घातली. या सगळ्यांचा मुद्दा एक होता : रयतेला नशा विकून तिजोरी भरणारे सरकार हे रयतेचे सरकार नव्हे. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम आला. त्या वेळी खेर मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही मादक पेये आणि अपायकारक मादक द्रव्ये बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे लिहिले गेले.

या अधिनियमाचे नाव दारूबंदी, पण त्याच्या पोटात गांजा आणि भांगही आली. हे ध्यानात घ्या. दारूविरुद्ध कीर्तने झाली, मोर्चे निघाले, सभा झाल्या, बायकांनी दुकाने बंद पाडली. गांज्याविषयी असा मोठा लोकलढा झाल्याचे दिसत नाही. गांजा बंद झाला तो दारूच्या शेपटाला बांधून. पुढे दारूबंदीचे काय झाले ते तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. १९६० नंतरच्या दशकात ती महाराष्ट्रात सैल झाली, परवाने निघाले आणि दारूचे उत्पन्न पुन्हा तिजोरीत येऊ लागले. डोके सुटले आणि शेपूट तेवढे बांधलेले राहिले! तो अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने चालू आहे. त्यामुळेच उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची परवान्याची दुकाने दिसतात आणि आपल्याकडे विनापरवाना भांग हाही गुन्हा ठरतो.

दुसरी दोरी आली ती परदेशातून. १९२५ साली जिनिव्हाच्या अफू परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीने आग्रह धरला, की चरसगांजाही अफूच्या पंक्तीला बसवा. हिंदुस्थानातल्या चालीरीतींत हात घालणे सोपे नाही, असे म्हणून तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने सावध पवित्रा घेतला. १९३७ साली अमेरिकेने कराच्या मार्गाने आपल्याकडे गांजा जवळजवळ बंद केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगाच्या सभांत अमेरिकेचा शब्द चालू लागला. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा मादक द्रव्यांविषयीचा करार झाला. ज्या देशांत गांज्याची जुनी चाल आहे त्यांनी ती पंचवीस वर्षांत मोडावी, असे त्यात ठरले. मात्र गांज्याच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे आले, नुसती पाने वगळली गेली. भांग वाचली ती त्या एका ओळीने.

ती पंचवीस वर्षे सरत आली तेव्हा १९८५ साली आपल्या संसदेने अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. तोवर काही राज्यांत गांज्याची परवान्याची दुकाने होती, ती गेली. १८९३ साली सत्तर प्रश्न आणि हजारांवर साक्षीदार होते. १९८५ साली खेड्यापाड्यांतल्या माणसाला असे कोणी काही विचारले नाही. गांजा उत्पन्नाच्या वहीतून निघून गुन्ह्याच्या वहीत गेला. आणि तेव्हापासून चाळीस वर्षांत जी पिढी वाढली, तिने गांजा पाहिला तो वर्तमानपत्रात, पोलिसांसमोर मांडून ठेवलेल्या पुड्यांच्या छायाचित्रात. मग गुरुजींचे मत वेगळे कसे असणार?

या कायद्याचे वजन किती आहे तेही सांगतो, कारण खेड्यात ते पुष्कळांना माहीत नसते. एक किलोपर्यंत गांजा ही थोडी मात्रा धरतात, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. वीस किलोपासून पुढे व्यापारी मात्रा, तिथे किमान दहा वर्षे आणि कमाल वीस. झाड लावण्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड. तुरीच्या, उसाच्या किंवा हळदीच्या रानात मधेच चार ओळी गांज्याच्या लावल्या आणि पोलिसांनी त्या उपटून नेल्या, अशा बातम्या आपल्याकडे येत असतात. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तर उघड अर्जच केला, की दुसऱ्या कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा मला दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. लोक हसले, पोलिसांना तो प्रसिद्धीचा खटाटोप वाटला. पण त्या अर्जात गांज्याविषयीचे मत थोडे होते, कांद्याच्या आणि उसाच्या भावाविषयीचे मत फार होते. सव्वाशे वर्षांपूर्वी शेजारच्याच जिल्ह्यात हे पीक परवान्याने निघत होते, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

राहता राहिला नातू. त्याचे मत सर्वांत तरुण, पण तेही आता बाळसे धरू लागले आहे. ज्या अमेरिकेने जगाला बंदी शिकवली तिथलेच पारडे फिरले. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९६९ साली शंभरांतले १२ लोक गांजा कायदेशीर करा म्हणत होते, २०२३ साली ७० म्हणाले. उरुग्वेने २०१३ साली कायदा केला, कॅनडाने २०१८ साली, जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांज्याला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून काढण्यावर मतदान झाले. ते २७ विरुद्ध २५ असे काठावर मंजूर झाले आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले! उत्तराखंडाने २०१८ साली नशेचा अंश अगदी कमी असलेल्या जातीची लागवड धाग्यासाठी आणि बियांसाठी सुरू करू दिली. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ साली औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला.

पण नातवाने बातमी अर्धीच वाचू नये. थायलंडने २०२२ साली दार उघडले आणि तीन वर्षांतच, २०२५ साली, ते पुन्हा औषधापुरते ओढून घेतले. मुलांच्या हाती माल सहज जाऊ लागला, ही तिथली मोठी तक्रार होती. वैद्यकही १८९४ नंतर पुढे गेले आहे. आज बाजारात फिरणारा माल पुष्कळदा जुन्यापेक्षा फार कडक असतो. कोवळ्या वयात, मेंदूची वाढ चालू असताना रोज ओढणाऱ्याला भ्रम, संशय आणि मनोविकार जडण्याचा धोका वाढतो, याला आता पुरेसा पुरावा आहे. दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसले, की वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक देशात शंभरांत २.८, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख आहेत. त्यांतले बहुतेक भांग घेणारे. पण या नशेपायी ज्यांना उपचारांची गरज पडावी असे सुमारे ७२ लाख. म्हणजे आजोबांचे सगळे खरे नाही, नातवाचेही नाही. आणि हे कोट्यवधी लोक कायदा असूनही घेतातच, त्यामुळे नुसत्या तुरुंगाने प्रश्न सुटतो हे गुरुजींचे म्हणणेही टिकत नाही.

मग करायचे काय? कायदा बदलावा की ठेवावा, हे तुम्ही ठरवायचे आहे, तुमच्या प्रतिनिधींनी ठरवायचे आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ठरवण्याआधी विचारा. गेल्या दीडशे वर्षांत गांज्याविषयी आपले मत किमान तीनदा बदलले, पण रीतसर विचारून, मोजून, पडताळून पाहिले ते एकदाच, आणि तेही परक्या सरकारने, स्वतःच्या उत्पन्नावर डोळा ठेवून. आपल्या स्वतःच्या राज्यात असे विचारणे आपल्याला अवघड का व्हावे? कोणत्या गावात कोण घेतो, कोणत्या वयापासून, त्या घराचे काय होते, पकडले जाते ते कोण आणि सुटतो तो कोण, शेतकरी तो का लावतो, हे सगळे प्रश्न ग्रामसभेतसुद्धा विचारता येण्यासारखे आहेत. त्यांना मोठे कमिशन लागत नाही.

आणि शिक्षक मित्रांनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. आज ना उद्या एखादा मुलगा वर्गात उभा राहून विचारील, "सर, तिकडं चालतं तर इकडं का नाही?" त्याला कान धरून खाली बसवू नका. तो प्रश्न विचारतोय, याचा अर्थ अजून तो तुमच्याकडे विचारायला येतोय. त्याला ते २२२ आणि ९८ सांगा. पहिला आकडा कसा फुगला ते सांगा, आणि दुसऱ्या आकड्यातली माणसे खरीच आजारी होती हेही सांगा. एखादा मुलगा या नादात सापडलेला दिसला, तर त्याची भानगड चावडीवर नेण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या मात्रेच्या आणि सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट देण्याची तरतूद याच कडक कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

आपण वर्गातल्या मुलांविषयी रोज काही ना काही रकाने भरत असतो. हा ढ, हा उनाड, याला अमुक नाद. रकाना रिकामा ठेववत नाही म्हणून हाताला येईल ते कारण लिहू नये. मुलाच्या घरी एक फेरी मारावी, आईबापांशी चार शब्द बोलावेत आणि मग पेन उचलावे.